यानांची वाट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यात, वॉर्मिन्स्टर गावाजवळच्या शेतांतून आम्ही एक जिओकॅशिंगची वाट घातली आहे. तिच्यावरच्या जवळजवळ प्रत्येक डबीला विज्ञानकथेतल्या एकेका अंतराळयानाचं नाव आहे. लंडन, रेडिंग, स्विंडन, ब्रिस्टल इथल्या मराठी घरांतून आता बरीच मंडळी चालायला येतात. काहींचे आईवडील भारतातून आलेले असतात आणि त्यांना हा खेळ अगदी नवा असतो. फोनवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे.

जिओकॅशिंग म्हणजे नेमकं काय?

कुणीतरी एक डबी लपवतं आणि ती जिथे आहे तिथले अक्षांश-रेखांश सगळ्यांना सांगतं. तुम्ही फोनमधल्या जीपीएसच्या मदतीनं तिथे पोहोचता, डबी शोधता, आतल्या कागदावर नाव आणि तारीख लिहिता आणि डबी होती तशी परत ठेवता. पैसे नाहीत, बक्षीस नाही. ‘कॅश’ हा शब्द ऐकून माझ्या मामांना पैशांचा डबा वाटला होता. हा कॅश म्हणजे जपून लपवलेला साठा.

खेळाचा जन्म एका सरकारी निर्णयातून झाला. जीपीएस अमेरिकी लष्कराचं आहे आणि सामान्य लोकांना मिळणारा सिग्नल पूर्वी मुद्दाम बिघडवलेला असे, त्यामुळे जागा शंभरेक मीटरनं चुकायची. २ मे २००० रोजी ती अडवणूक बंद झाली. दुसऱ्याच दिवशी, ३ मेला, डेव्ह अल्मर यांनी ओरेगॉन राज्यात बीव्हरक्रीकजवळच्या झाडीत एक बादली ठेवली आणि तिचा ठावठिकाणा इंटरनेटवर जाहीर केला. आत पुस्तकं, सॉफ्टवेअर, एक गलोल आणि बीन्सचा एक डबाबंद कॅन होता. ‘घ्या काहीतरी, ठेवा काहीतरी’ ही पद्धत तिथूनच सुरू झाली.

वाट कुठे सुरू होते आणि किती लांब आहे?

गावच्या हॉलसमोरच्या मोकळ्या जागेत सुरू होते आणि फिरून तिथेच संपते. एकूण ९ किलोमीटर, २१ डब्या. सरळ चालत गेलात तर अडीच तास. डब्या शोधत, डबा खात, मुलांना घेऊन चाललात तर साडेचार ते पाच तास धरा. रेल्वेनं येणाऱ्यांनी वॉर्मिन्स्टरला उतरावं. लंडन वॉटर्लूहून सॉल्झबरीला यायचं आणि तिथे गाडी बदलायची. पॅडिंग्टनहून आलात तर वेस्टबरीला बदला.

यानांचाच विषय का? शेतात अंतराळयानाचा काय संबंध?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण संबंध या मातीतच आहे.

१९६४ च्या नाताळच्या पहाटे वॉर्मिन्स्टरच्या काही लोकांना डोक्यावरून विचित्र आवाज ऐकू आले. मग आकाशात दिवे दिसल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. इथल्या वर्तमानपत्रातले आर्थर शटलवूड यांनी त्या बातम्या लावून धरल्या आणि त्या प्रकाराला ‘द थिंग’ असं नाव पडलं. ऑगस्ट १९६५ मध्ये त्यावर गावात जाहीर सभा भरली. पुढची कित्येक वर्षं लोक थर्मास आणि घोंगड्या घेऊन क्रेडल हिल नावाच्या टेकडीवर रात्र रात्र आकाशाकडे डोळे लावून बसायचे. मी स्वतः तिथे काही पाहिलेलं नाही. पण एवढी माणसं थंडीत एकत्र बसून वर बघत होती, ही गोष्ट मला फार जवळची वाटते. आम्ही लहानपणी साताऱ्याला गच्चीवर गादी टाकून उपग्रह मोजायचो, त्याचीच आठवण होते.

मग पिकांतली वर्तुळं. उन्हाळ्यात गहू-बार्लीच्या शेतात रातोरात उमटणाऱ्या भल्यामोठ्या आकृत्या, ज्या यान उतरल्याच्या खुणा आहेत असं लोक सांगत. १९९१ मध्ये डग बोवर आणि डेव्ह चॉर्ली या दोन मित्रांनी जाहीर केलं की सत्तरच्या दशकापासून आपणच फळी आणि दोरी घेऊन ही वर्तुळं काढत होतो. तरीही दर उन्हाळ्यात नवी वर्तुळं येतात आणि ती बघायला लोकही येतात. आमची एक विनंती : वर्तुळ दिसलं तरी पिकात शिरू नका. आकृती कुणीही काढलेली असो, आडवं झालेलं पीक शेतकऱ्याचं असतं.

आणि तिसरं म्हणजे, वॉटर्लूहून सॉल्झबरीला येताना गाडी वोकिंगवरून जाते. विज्ञानकथाकार एच. जी. वेल्स वोकिंगला राहत होते आणि ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या १८९८ च्या त्यांच्या कादंबरीत मंगळवासीयांचं पहिलं दंडगोल यान वोकिंगला लागून असलेल्या हॉर्सेल कॉमनवर, वाळूच्या खाणीत पडतं. गावात आज तीन पायांच्या त्या मंगळयंत्राचा सुमारे ७ मीटर उंचीचा चकचकीत धातूचा पुतळा उभा आहे. मुलं बरोबर असतील तर मधे उतरून बघा आणि पुढच्या गाडीनं या.

डब्यांना कुठकुठली नावं दिली आहेत?

सगळी सांगितली तर मजा जाईल, थोडी सांगते.

पहिली डबी ज्यूल व्हर्नच्या तोफगोळ्याची, १८६५ सालची. फ्लोरिडातून प्रचंड तोफेनं चंद्राकडे डागलेलं अॅल्युमिनियमचं यान. शंभर वर्षांनी खरे चांद्रवीर फ्लोरिडातूनच निघाले. दुसरी वेल्सचा दंडगोल, तिसरी त्याच लेखकाचा १९०१ सालचा गोल, जो गुरुत्वाकर्षण अडवणाऱ्या काल्पनिक पदार्थाच्या पडद्यांवर चालतो.

नववी डबी ‘एंटरप्राइज’, ‘स्टार ट्रेक’ मालिकेतलं यान. झाकणाच्या आत १७०१ हा यानाचा नोंदणी क्रमांक रंगवला आहे. या नावाची खरी गोष्ट मी प्रत्येक मुलाला सांगते : नासाच्या पहिल्या स्पेस शटलचं नाव ‘कॉन्स्टिट्यूशन’ ठरलं होतं, पण मालिकेच्या चाहत्यांनी पत्रांचा असा पाऊस पाडला की १९७६ मध्ये ते शटल ‘एंटरप्राइज’ या नावानं बाहेर आलं. ते अवकाशात कधीच गेलं नाही. विमानाच्या पाठीवरून सोडून उतरण्याच्या चाचण्या मात्र त्यानंच दिल्या.

तेरावी ‘डेडलस’. हे कथेतलं यान नव्हे. ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीच्या अभियंत्यांनी १९७३ ते १९७८ या काळात फावल्या वेळात, बिनपगारी, बर्नार्डच्या ताऱ्याकडे जाणाऱ्या मानवरहित यानाचा आराखडा केला. सुमारे ६ प्रकाशवर्षांचं अंतर, प्रकाशाच्या १२ टक्के वेग, ५० वर्षांचा प्रवास. नियमाला अपवाद करून ते वाटेत घेतलं, कारण कल्पना आणि गणित यांच्या मधल्या बांधावर ते उभं आहे.

सोळावी ‘पुष्पक’. माझ्या आईचा हट्ट. मनात आणलं की निघणारं आणि कितीही माणसं बसली तरी जागा उरणारं विमान यादीत नसेल तर यादी अपुरी, असं तिचं म्हणणं. इस्रोनं आपल्या पुन्हा वापरता येणाऱ्या पंखवाल्या यानाला हेच नाव दिलं आहे. मार्च २०२४ मध्ये कर्नाटकात चित्रदुर्गजवळ ते हेलिकॉप्टरमधून सोडून धावपट्टीवर आपलं आपण उतरवण्यात आलं.

आणि एकोणिसावी डबी यानाची नाही, माणसाची आहे : जयंत नारळीकर. कोल्हापूरला जन्मलेला मुलगा केंब्रिजला येऊन गणितात पहिला आला, फ्रेड हॉइल यांच्याबरोबर विश्वरचनेवर काम केलं आणि १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला ‘कृष्णविवर’ नावाची कथा पाठवली, तीही नारायण विनायक जगताप या टोपणनावानं. स्वतःच्या आद्याक्षरांची उलट मांडणी केली, म्हणजे परीक्षकांवर नावाचं दडपण नको. कथा पहिली आली. ते मे २०२५ मध्ये गेले. त्या आठवड्यात आम्ही ही डबी बदलली, मोठी केली, आणि आत मराठीत चार ओळी लिहून ठेवल्या. तिच्यातल्या वहीत मराठीतच सही करावी असा माझा आग्रह आहे.

फोन पुरतो, की वेगळं जीपीएस उपकरण लागतं?

फोन पुरतो. जिओकॅशिंगचं ॲप मोफत उतरवा, खातं उघडा. मोफत खात्यात सगळ्या डब्या दिसतीलच असं नाही. ज्या दिसत नाहीत त्या संकेतस्थळावरून बघता येतात. नकाशा घरूनच उतरवून ठेवा, कारण दरीच्या बाजूला फोनला रेंज नसते. जीपीएसला रेंज लागत नाही, ते उपग्रहांचे सिग्नल थेट घेतं. एक पॉवर बँक मात्र हवीच.

उघड्या आकाशाखाली फोन सुमारे ५ मीटरपर्यंत अचूक असतो. झाडाखाली त्याहून वाईट. त्यामुळे बाण ‘० मीटर’ दाखवायला लागला की फोन खिशात टाका आणि डोळे वापरा. नवे लोक इथेच चुकतात, शून्यावर उभं राहण्यासाठी फोन धरून गोल गोल फिरत राहतात.

अक्षांश-रेखांश हातानं घालणार असाल तर हे नीट वाचा. सगळ्यात जास्त फोन मला याच चुकीमुळे येतात. या खेळात आकडे अंश आणि दशांश मिनिटं अशा पद्धतीनं लिहितात. उत्तर अक्षांश ५१° १२.३४५ म्हणजे ५१ अंश आणि १२.३४५ मिनिटं. अंशाची साठ मिनिटं होतात, म्हणून साध्या दशांशात तो आकडा ५१.२०५७५ होतो. तुम्ही जर सरळ ५१.१२३४५ असं टाइप केलंत, तर तुम्ही आमच्या वाटेपासून ९ किलोमीटर दक्षिणेला कुणाच्या तरी शेतात पोहोचाल. एक कुटुंब खरंच पोहोचलं होतं. दुसरी चूक रेखांशाची. भारतात आपण ग्रीनिचच्या पूर्वेला असतो, तिथे उणे चिन्हाची सवय नसते. विल्टशर पश्चिमेला आहे. उणे चिन्ह विसरलात तर नकाशा तुम्हाला डंकर्कच्या पुढे समुद्रात नेऊन ठेवतो.

शेवटच्या आकड्याचं महत्त्व किती, तेही सांगते. मिनिटाचा हजारावा भाग उत्तर-दक्षिण दिशेत सुमारे १.८५ मीटर भरतो, आणि या अक्षांशावर पूर्व-पश्चिम दिशेत सुमारे १.१७ मीटर. म्हणून मी प्रत्येक जागेची नोंद तीन वेगवेगळ्या दिवशी घेऊन सरासरी काढली आहे.

तिथे पोहोचलो, पण डबी दिसतच नाही. काय करू?

थांबा. दोन पावलं मागे या आणि स्वतःला विचारा, मी लपवली असती तर कुठे?

गेल्या वर्षी आई तीन महिने आमच्याकडे होती. सातव्या डबीशी आम्ही तिघं वीस मिनिटं डोकं खुपसून बसलो होतो, लेकीनं स्वतः शोधावी म्हणून मीही मुद्दाम गप्प होते. कुंपण ओलांडायला तिथे लाकडी पायऱ्या आहेत. आई त्या पायरीवर टेकली, पदरानं चष्मा पुसला आणि म्हणाली, “हा दगड इथला नाही गं.” पायरीच्या खांबाशी सगळे दगड पांढरट, खडूचे. एकच करडा, चपटा. तिनं काठीच्या टोकानं तो सरकवला. खाली काळी फिल्मची डबी, तोंडाशी ओल धरलेली, झाकणावर चिकटलेली एक इवलीशी गोगलगाय. आईनं ती आधी गवतावर ठेवली आणि मग झाकण उघडलं. आत सुरळी केलेला कागद आणि त्याला येणारा तो दमट वास. तिच्या सहीच्या वरची सही एका डच जोडप्याची होती.

या वाटेवर शोधायचं ते एवढंच, इथली नसलेली गोष्ट. एखादी जास्तच नीट रचलेली काटक्यांची मोळी, खांबामागे एकटाच लोखंडी बोल्ट, वेलीत लटकणारी जड दोरी. डब्यांची पानं वाचा, प्रत्येकीला इशारा दिलेला आहे. कठीणपणाचे दोन आकडे असतात, दोन्ही १ ते ५. पहिला शोधायला किती अवघड याचा, दुसरा पोहोचायला किती अवघड याचा. आमची एकही डबी जमिनीत पुरलेली नाही, कारण जमीनमालकाच्या खास परवानगीशिवाय खणायला या खेळात मनाईच आहे. भिंतीचे दगड उपसू नका, फांद्या मोडू नका. वीस मिनिटांत सापडली नाही तर ‘सापडली नाही’ अशी नोंद करा आणि पुढे चला. ती नोंद कमीपणाची नाही. लागोपाठ तीन अशा नोंदी आल्या की आम्हाला कळतं, डबी गेली, आणि आम्ही जाऊन बघतो.

डबी उघडल्यावर काय करायचं?

कागदावर नाव, तारीख. पेन्सिल बरोबर आणा, ओल्या कागदावर पेन चालत नाही. मोठ्या डब्यांत छोट्या वस्तू असतात. एक घेतली तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाची ठेवा. खाऊ ठेवू नका, उंदीर आणि बिज्जू डबी फोडतात. चाकू, काडेपेटी, औषधं नकोत. क्रमांक कोरलेला धातूचा बिल्ला दिसला तर तो ट्रॅकेबल. तो प्रवासी असतो, स्वतःजवळ ठेवायचा नसतो, पुढच्या एखाद्या डबीत सोडायचा असतो.

झाकणाच्या आतला आकडा टिपून घ्यायला विसरू नका.

त्या आकड्यांचं काय करायचं?

वीस डब्यांचे वीस आकडे. त्यातून एकविसाव्या डबीची जागा निघते. सूत्र पहिल्या डबीत छापलेलं आहे, बेरीज-वजाबाकी येणाऱ्या चौथीतल्या मुलाला जमेल असं. कोड्याच्या डबीची खरी जागा जाहीर केलेल्या जागेपासून साधारण ३.२ किलोमीटरच्या आतच असावी लागते, त्यामुळे उत्तर त्याच्या पलीकडे आलं तर गणित तपासा. एखादी डबी हुकली म्हणून शेवटची हुकेल असं नाही, सूत्रात दोन आकडे जास्तीचे ठेवले आहेत.

लोकांच्या खासगी शेतातून चालायची परवानगी आहे का?

आहे, आणि ही गोष्ट समजून घेतल्याशिवाय कृपया वाटेवर पाऊल टाकू नका.

इंग्लंडमध्ये खासगी जमिनीतूनही सार्वजनिक पायवाटा जातात. त्यावरून चालण्याचा हक्क कायद्यानं सगळ्यांना आहे. पिवळा बाण म्हणजे फक्त पायी, निळा बाण म्हणजे घोडे आणि सायकलींनाही. ऑर्डनन्स सर्व्हेच्या नारिंगी वेष्टनाच्या नकाशात या वाटा हिरव्या तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात. वाट शेताच्या मधून जात असेल आणि शेतकऱ्यानं नांगरली, तर त्यानं साधारण १४ दिवसांत ती किमान १ मीटर रुंदीची पुन्हा मोकळी करून द्यायची असते. तोवर ढेकळांतून बाणाच्या दिशेनं सरळ चाला, पिकाच्या कडेनं वळसा घालून नवी वाट पाडू नका.

पण हा हक्क चालण्याचा आहे, डबी ठेवण्याचा नाही. त्यासाठी जमीनमालकाची परवानगी लागते. आम्ही तीन शेतकऱ्यांकडे गेलो. दोघांनी चहा पाजून होकार दिला. तिसऱ्यांनी दारातूनच नाही म्हटलं. आदल्या वर्षी कुणीतरी फाटक उघडं टाकून गेलं होतं आणि त्यांच्या मेंढ्या रस्त्यावर आल्या होत्या. दोन दगावल्या. मी ऐकून घेतलं आणि परत आले. महिन्याभरानं आम्ही त्यांच्या कडेच्या वाटेवरचा प्लॅस्टिकचा कचरा उचलत होतो, तेव्हा ते ट्रॅक्टर थांबवून बघत राहिले. पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतःहून विचारलं, “ती तुमची यानं किती मोठी असतात?” मी खिशातली फिल्मची डबी दाखवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, झाकण लावून बघितलं आणि जागा स्वतः दाखवल्या : कुठल्या खांबाशी ठेवायची, कुठल्या ओढ्याजवळ अजिबात नाही.

म्हणून फाटकाचा नियम : बंद दिसलं तर बंद करा, उघडं दिसलं तर उघडंच ठेवा. उघडं ठेवलेलं असतं तेव्हा जनावरांना पाण्यापर्यंत जाता यावं म्हणून ठेवलेलं असतं. गटातल्या शेवटच्या माणसानं कडी लागल्याचा आवाज ऐकूनच पुढे निघायचं.

गाई, मेंढ्या, आणि आमचा कुत्रा?

वासरं असलेल्या गाईंपासून लांबून जा, गाय आणि वासरू यांच्या मधे कधीही येऊ नका. आपल्याकडची गाय पाठीवरून हात फिरवू देते म्हणून इथलीही देईल असं समजू नका. कुत्रा साखळीत. मात्र गाई अंगावर आल्याच तर साखळी सोडून द्या. त्या कुत्र्यामागे जातात, कुत्रा पळून सुटतो, माणूस सुटत नाही. वाटेतल्या मोकळ्या माळावर १ मार्च ते ३१ जुलै या काळात कुत्रा २ मीटरपेक्षा लांब दोरीवर नसावा असा कायदाच आहे. चंडोल जमिनीवर घरटं करतो.

कपडे, बूट, चिखल?

इथली जमीन खडूची. पाऊस पडला की उतारावर साबण लावल्यासारखी होते. पकड असलेले बूट घाला, गमबूट उतारावर घसरतात. उन्हाळ्यातही फुल पँट घाला. वाटेच्या कडेला नेटल नावाची वनस्पती असते, पानाला नुसता पाय लागला तरी तासभर आग होते. इथले लोक डॉकचं पान चोळतात. गवतात गोचीड असतात. घरी गेल्यावर गुडघ्यामागे, काखेत, मुलांच्या केसांच्या कडेला बघा. चिकटलेला दिसला तर बारीक टोकाच्या चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. पुढच्या काही आठवड्यांत तिथे गोल लाल चट्टा पसरत गेला किंवा ताप आला तर डॉक्टरांकडे जा, लाइम आजार असू शकतो.

खाण्याची सोय?

घरून घेऊन या. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, लोणच्याची फोड. अकराव्या डबीनंतर बीचच्या झाडांखाली वारा लागत नाही, तिथे बसा. केळ्याची साल आणि संत्र्याचं सालपटसुद्धा परत न्या, या थंडीत ती महिनोन्‌महिने कुजत नाहीत.

आजी-आजोबा आणि बाबागाडी?

पहिल्या पाच डब्या सपाट, घट्ट वाटेवर आहेत, तिथपर्यंत बाबागाडी आणि चाकाची खुर्ची जाते. सहाव्या डबीपासून पायऱ्या ओलांडाव्या लागतात. ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे त्यांनी पाचवीपासून परत फिरावं. दुसरं टोक गाठायचं असेल तर विसावी डबी चर्चच्या भिंतीजवळ आहे, गाडीनं थेट जाता येतं.

रात्री तारे बघत चाललं तर?

नको. अंधारात टॉर्च घेऊन शेतात फिरणारी माणसं शेतकऱ्याला चोर वाटतात. शिवाय उत्तरेला सॉल्झबरी प्लेनचा लष्करी सरावाचा भाग आहे. लाल निशाण किंवा लाल दिवा दिसला की पलीकडे जायचं नाही. त्या पठारावरचं इंबर हे अख्खं गाव डिसेंबर १९४३ मध्ये सैन्यासाठी रिकामं केलं गेलं आणि गावकऱ्यांना परत येऊ दिलं नाही. आता वर्षातल्या ठरावीक दिवशीच तिथे जाता येतं.

कुणी विचारलं, ‘इथे काय करताय?’ तर काय सांगू?

खरं सांगा. खेळ न खेळणाऱ्यांना जिओकॅशर मंडळी ‘मगल’ म्हणतात आणि त्यांच्यापासून डबी लपवावी असा संकेत आहे, पण कुणी थेट विचारलं तर आडवळणं घेऊ नका. परक्या चेहऱ्याची माणसं कुंपणात हात घालताना दिसली की गावकऱ्याला शंका येणं साहजिक आहे. हसून नमस्कार करा, डबी दाखवा. दोनदा तर विचारायला आलेली माणसंच पुढच्या डबीपर्यंत बरोबर आली.

खऱ्या अवकाशयानात जिओकॅश आहे का?

आहे. रिचर्ड गॅरियट ऑक्टोबर २००८ मध्ये सोयूझनं आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले, तेव्हा त्यांनी तिथल्या एका कप्प्याला जिओकॅश म्हणून नोंदवलं. आणि मंगळावरही एक बिल्ला आहे. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स बग्गीवर एका उपकरणाची मोजमापं बरोबर येतात ना हे ताडून बघण्यासाठीची छोटी पट्टी आहे. तिच्यावर अंतराळवीरांच्या पोशाखाच्या कापडाचे तुकडे आहेत आणि शिरस्त्राणाच्या काचेसाठी वापरतात त्या पदार्थाच्या चकतीवर ट्रॅकेबलचा क्रमांक आहे. पोशाखाचं सामान मंगळावर किती टिकतं हे तपासण्यासाठी ते तुकडे तिकडे नेले आहेत. आमच्या अठराव्या डबीत त्या चकतीचं चित्र ठेवलं आहे.

अमेरिकेतली ती प्रसिद्ध परग्रहवासी वाट अशीच आहे का?

नेवाडा राज्यातला ३७५ क्रमांकाचा १५८ किलोमीटरचा रस्ता. १९९६ मध्ये राज्यानं त्याला ‘एक्स्ट्राटेरेस्ट्रिअल हायवे’ असं अधिकृत नाव दिलं. २०१० मध्ये त्याच्या कडेनं हजाराहून जास्त डब्या मांडल्या गेल्या. रस्त्याच्या कडेला सतत थांबणाऱ्या गाड्यांमुळे सुरक्षिततेचा प्रश्न आला, २०११ मध्ये त्या काढाव्या लागल्या आणि नंतर नव्यानं मांडल्या गेल्या. तिथे गाडीतून उतरायचं, सही करायची, पुन्हा गाडीत बसायचं. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर हवं हा नियम आहे आणि तशा वाटा त्या किमान अंतरावरच चालतात. आमच्याकडे दोन डब्यांत सरासरी सव्वाचारशे मीटर आहेत. मुलांना मधे चालायला, ससा दिसला तर थांबायला जागा हवी, असं मला वाटतं.

महाराष्ट्रात अशी वाट घालता येईल का?

येईल, पण जागा विचारपूर्वक निवडा. किल्ल्यांवर डबी ठेवू नका. बरेच किल्ले संरक्षित स्मारकं आहेत, आणि नसले तरी तटाच्या सांध्यात शोधणाऱ्यांची बोटं जाणं वाईटच. अभयारण्यात नको. स्टेशन, देऊळ, बाजार अशा गर्दीच्या ठिकाणी बेवारस डबा म्हणजे पोलिसांची धावपळ.

मला विचाराल तर दोन मार्ग आहेत. एक, नात्यातल्या कुणाच्या शेतावर किंवा शाळेच्या आवारात, परवानगीनं, पारदर्शक डब्या आणि त्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत ‘खेळाचा डबा’ असं लिहून. संकेतस्थळावर नोंद केलीच पाहिजे असं नाही, आकडे कागदावर लिहून मुलांच्या हातात द्या. दुसरा, अर्थकॅश. त्यात डबा नसतोच. जागेवर जाऊन भूगर्भाबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं शोधायची असतात. बेसॉल्टमध्ये उल्का आदळून झालेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं लोणारचं विवर हा तर अवकाशातून आलेल्या पाहुण्याचाच विषय. तिथे काहीही न ठेवता, काहीही न उचलता खेळता येतं.

परदेशातून जाणाऱ्यांसाठी एक इशारा : उपग्रहावरून संदेश पाठवणारी हातातली उपकरणं भारतात परवानगीशिवाय नेऊ नका, विमानतळावर अडचण होते. साधा फोन पुरेसा आहे.

डबी फुटलेली किंवा गायब दिसली तर नवी ठेवू का?

स्वतःहून ठेवू नका. जुनी तिथेच कुठेतरी असते आणि मग दोन होतात. फोटो काढा, ॲपवर कळवा. आम्ही एका आठवड्यात येतो. कागद भरला असेल तर तुमच्याजवळचा कोरा तुकडा घडी करून आत घाला, तेवढं चालेल.

वाट वर्षभर उघडी असते का?

पायवाट वर्षभर उघडी. पण चौदावी आणि पंधरावी डबी आम्ही मार्च आणि एप्रिलमध्ये उचलून घरी आणतो. ते त्या तिसऱ्या शेतकऱ्यांचं मेंढ्या व्यायचं शेत आहे. त्या दिवसांत कुंपणाशी थांबलेली माणसं बघून मेंढ्या कोकरांना सोडून पळतात. तेवढ्यापुरते त्या दोन डब्यांचे आकडे पहिल्या डबीत एका पिवळ्या कागदावर लिहिलेले असतात, तुमचं गणित अडणार नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात ते फोन करतात, आणि मग माझी लेक डब्या घेऊन त्यांच्याबरोबर ट्रॅक्टरवरून जाते आणि जागेवर ठेवून येते.